व्हिडिओ पुष्कळ झाले, वह्या कोण तपासणार?

ऑनलाइन शिक्षणाचे पोर्टल उभारायचे ठरले की बैठकीत एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. चांगले शिक्षक थोडे आणि मुले फार. तेव्हा त्या थोड्या शिक्षकांचे तास चित्रित करावेत, ते पोर्टलवर चढवावेत, मुलांना लॉगिन द्यावे आणि चाचण्या यंत्राकडून तपासून घ्याव्यात, म्हणजे गडचिरोलीतल्या मुलालाही पुण्यातल्या मुलाइतकेच चांगले शिक्षण मिळेल. अधिकारी, संस्थाचालक, नवउद्योजक, पालक अशा अनेकांना हा युक्तिवाद पटतो. त्यातली समतेची ओढ खरी आहे, म्हणूनच त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. हा युक्तिवाद मुळात चुकीचा आहे आणि त्यावर बेतलेली पोर्टल्सही त्यामुळे चुकीची बांधली जातात.

चूक पहिल्याच वाक्यात आहे. टंचाई कशाची आहे, हे त्यात गृहीत धरले आहे, तपासलेले नाही. समजावून सांगणाऱ्या सामग्रीची टंचाई आज नाही. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. पाठ्यपुस्तकांतल्या पानांवर क्यूआर कोड आहेत. ऑनलाइन अभ्यासक्रमांचे 'स्वयम्' पोर्टल जुलै 2017 मध्ये सुरू झाले, 'दीक्षा' त्याच वर्षी शिक्षक दिनी. यूट्यूबवर दहावीच्या कोणत्याही प्रकरणाचे डझनांनी व्हिडिओ मराठीत सापडतात. मुलाने काय लिहिले ते वाचून 'तू इथे चुकलास, आणि चुकलास ते या कारणाने' असे सांगणारे माणूस मात्र सापडत नाही. विद्यार्थी आणि शिक्षक यांना जोडण्याचा दावा करणाऱ्या पोर्टलने मोजायची गोष्ट हीच आहे: किती वह्या तपासल्या गेल्या आणि किती शंकांना उत्तर मिळाले. बाकी सगळी रचना याभोवती झाली पाहिजे.

एक वही जवळून पाहू. तिसरीतल्या मुलीने हातच्याची वजाबाकी सोडवली आहे. 52 मधून 27 वजा केले, उत्तर लिहिले 35. 63 मधून 48 वजा केले, उत्तर 25. 71 मधून 36 वजा केले, उत्तर 45. पण 68 वजा 25 बरोबर 43 आणि 97 वजा 54 बरोबर 43 ही दोन्ही बिनचूक. पोर्टलवरच्या चाचणीत हीच पाच उदाहरणे बहुपर्यायी रूपात आली, तर निकाल येईल 'पाचपैकी दोन, चाळीस टक्के', आणि खाली सूचना येईल की वजाबाकीचा व्हिडिओ पुन्हा पाहा. वही पाहणारी शिक्षिका मात्र अर्ध्या मिनिटात ओळखते की ही मुलगी गोंधळलेली नाही. तिचा एक पक्का नियम आहे: प्रत्येक स्थानावर मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, तो वर असो की खाली. जिथे वरचा अंक मोठा, तिथे नियम चालतो. जिथे लहान, तिथे तो तिला हमखास फसवतो. व्हिडिओ पुन्हा पाहून हा नियम मोडणार नाही, कारण व्हिडिओला तो दिसलेलाच नाही. काड्यांचा एक गठ्ठा सोडून दशकाचे दहा एकक तिच्यासमोर मोकळे केले आणि 'आता बारातून सात काढ' म्हटले, तरच तो मोडेल.

यंत्रालाही अशी चूक ओळखता येते, असे कोणी म्हणेल. खरे आहे. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी 1978 मध्येच मुलांच्या वजाबाकीतल्या अशा नियमबद्ध चुका शोधणारी संगणकीय पद्धत मांडली होती. पण त्यासाठी मुलाने लिहिलेले उत्तर आणि त्यामागच्या पायऱ्या यंत्रापर्यंत पोचाव्या लागतात. चार पर्यायांपैकी एकावर बोट ठेवायला लावणारे पोर्टल नेमका तोच पुरावा पुसून टाकते. हा दोष तंत्रज्ञानाचा नाही, रचनाकाराच्या निवडीचा आहे. तपासायला सोपे म्हणून पर्याय निवडले गेले आणि मूल कुठे अडले आहे, हे कळण्याची वाट बंद झाली.

'एक उत्तम शिक्षक, लाखो विद्यार्थी' हे स्वप्न इंटरनेटने आणलेले नाही. 1975-76 मध्ये इस्रोने नासाच्या उपग्रहाच्या साहाय्याने 'साइट' प्रयोग केला आणि सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत दूरचित्रवाणीवरून कार्यक्रम पोचवले. 1984 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' दूरदर्शनवर आला. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने 1971 पासून बीबीसीच्या प्रक्षेपणांचा वापर करून पदवी शिक्षण दिले. त्या विद्यापीठाचे यश सांगताना प्रक्षेपणाचीच चर्चा होते आणि त्याचा कणा विसरला जातो. प्रत्येक विद्यार्थ्याला तिथे एक मार्गदर्शक नेमून दिलेला असे. तो त्याचे स्वाध्याय वाचून त्यांवर सविस्तर अभिप्राय लिहून परत पाठवी. आपल्याकडे 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले, तेही गावोगावच्या अभ्यासकेंद्रांच्या आधारावर. ज्यांनी दूरशिक्षण खरोखर चालवले, त्यांनी प्रक्षेपणावर भिस्त ठेवली नाही. परतीच्या टपालाची सोय त्यांनी आधी केली.

ती सोय नसली की काय होते, याचा आकडाही उपलब्ध आहे. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या एडएक्स मंचावरील अभ्यासक्रमांची आकडेवारी जस्टिन राइच आणि होजे रुइपेरेझ-व्हॅलिएन्ते यांनी 2019 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडली. 2017-18 मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणारे होते 3.13 टक्के. जगातल्या नामांकित प्राध्यापकांचे तास, उत्तम चित्रीकरण, आणि नोंदणी करणारे बहुतेक जण आधीच शिकलेले. तरी ही स्थिती. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकणाऱ्या, घरात अभ्यासाला मदत करणारे कोणी नसलेल्या बारा वर्षांच्या मुलाने याहून अधिक चिकाटी दाखवावी, अशी अपेक्षा आपण कोणत्या आधारावर करतो? एकट्याने अभ्यास करता येणे हे शिक्षणाचे फळ आहे. ते हाती असल्याचे धरून बांधलेले पोर्टल ज्यांना ते आधीच मिळाले आहे त्यांच्याच उपयोगी पडते. समतेच्या नावाने सुरू झालेल्या योजनेतून दरी वाढते ती इथे.

विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट पुरावा दिल्लीचा आहे आणि तो टाळता येणार नाही. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन यांनी 'माइंडस्पार्क' या संगणकीय कार्यक्रमाची सोडत पद्धतीने चाचणी घेतली. साडेचार महिन्यांत मुलांची प्रगती गणितात 0.37 आणि हिंदीत 0.23 प्रमाण विचलनाने अधिक झाली. ही मोठी वाढ आहे आणि संशोधक तिचे श्रेय मुख्यतः सॉफ्टवेअरला देतात. मग सॉफ्टवेअर पुरेसे नाही का? त्याच अभ्यासातली दुसरी नोंद पाहा: सहावीतली मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. सॉफ्टवेअरने मूल कुठल्या इयत्तेत बसते याकडे न पाहता ते प्रत्यक्षात कुठे उभे आहे ते शोधले आणि तिथून सुरुवात केली. शिवाय मुले घरी एकटी स्क्रीनसमोर बसलेली नव्हती. ती केंद्रात येत; नव्वद मिनिटांपैकी अर्धा वेळ संगणकावर आणि अर्धा वेळ लहान गटात, शिकवणाऱ्या माणसासोबत जाई. म्हणजे या प्रयोगाने सर्वोत्तम शिक्षकाचा सहावीचा तास लाखांना दाखवण्याच्या कल्पनेला दुजोरा दिलेला नाही. अडीच इयत्ता मागे असलेल्या मुलाला तो तास, कितीही उत्तम असला तरी, डोक्यावरून जाणार हेच त्याने दाखवून दिले.

आता माणसाच्या बाजूचा पुरावा. कोविडमध्ये शाळा बंद असताना आफ्रिकेतल्या बोत्सवानात एक प्रयोग झाला. काही कुटुंबांना दर आठवड्याला गणिताचे एसएमएस पाठवले. काहींना एसएमएसबरोबर आठवड्यातून एकदा वीसेक मिनिटांचा फोन केला. पालक आणि मूल दोघांनाही फोनवर घेऊन उदाहरण सोडवून घेतले. नुसत्या एसएमएसचा शिकण्यावर ठळक परिणाम दिसला नाही. फोनसह एसएमएसने गणितात 0.12 प्रमाण विचलनाची वाढ झाली. पुढे भारतासह पाच देशांत हाच प्रयोग झाला, तेव्हा परिणाम याहून मोठा आला आणि सरकारी शिक्षकांनी केलेल्या फोनचाही फायदा झाला. सिएरा लिओनमधल्या अशाच एका उपक्रमात मात्र गुण वाढले नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. म्हणजे फोन केला की काम झाले, असे नव्हे. बोत्सवानात काही मुलांच्या बाबतीत, त्यांना काय येते हे विचारून पुढच्या फोनचा पाठ त्यानुसार बदलला जात होता. साध्या फोनवरही शिकवणे जमते, पण विचारणे, ऐकणे आणि त्यानुसार बदलणे हे चक्र त्यात पूर्ण व्हावे लागते.

'आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली, चोवीस तास उत्तर मिळेल' असे सांगितले जाते. तुर्कस्तानात सुमारे हजार माध्यमिक विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग या उत्साहाला लगाम घालतो. गणिताचा सराव करताना ज्यांना जीपीटी-4 जसेच्या तसे वापरायला दिले, त्यांची सरावातली कामगिरी 48 टक्क्यांनी सुधारली. पण मदत काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ते इतरांहून 17 टक्के मागे पडले. आयते उत्तर मिळाल्याने डोके चालवायचे राहून गेले. दुसऱ्या गटाला दिलेल्या आवृत्तीत शिक्षकांनी आधीच नेहमीच्या चुका आणि द्यायचे इशारे भरून ठेवले होते आणि तयार उत्तर द्यायला यंत्राला मनाई होती. त्या गटाचे असे नुकसान झाले नाही. यंत्र उपयोगी पडले ते शिक्षकाच्या अनुभवाचा हात धरूनच. ज्या पोर्टलात शिक्षकच नाही, त्याला नेहमीच्या चुका कोण सांगणार?

यावर व्यवहाराचा प्रश्न येतो: एवढ्या शंकांना उत्तरे द्यायला शिक्षक आणायचे कुठून? प्रश्न रास्त आहे, पण त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. शिक्षण हक्क कायद्याने उच्च प्राथमिक वर्गासाठी 35 मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवले आहे. प्रत्येक मुलाची आठवड्याला एक शंका किंवा वहीचे एक पान पाच मिनिटे पाहायचे तर 175 मिनिटे लागतात, म्हणजे जेमतेम तीन तास. एक शिक्षक हजार मुलांना जोडून दिला तर हे अशक्य होईल, म्हणून तशी जोडणी करूच नये. पोर्टलमध्ये शिक्षकामागच्या मुलांची संख्या वर्गाइतकीच मर्यादित असावी.

यंत्राची खरी जागा इथे आहे. पस्तीस पानांची छायाचित्रे आली की ती चुकांच्या प्रकारांनुसार वेगळी लावून ठेवावीत, हे काम यंत्राने करावे. शिक्षिकेने पोर्टल उघडल्यावर तिला टक्केवारीची रंगीत वर्तुळे दाखवून उपयोग नाही. तिला दिसावे की नऊ मुलांनी दशक मोकळा न करता वजाबाकी केली आहे, चौघांनी शून्याजवळ घोळ घातला आहे आणि दोघांचे अक्षर यंत्राला लागले नाही. नऊ जणांसाठी ती दोन मिनिटांचा एक आवाजी निरोप ध्वनिमुद्रित करील, चौघांना उद्या फळ्याशी बोलावील, उरलेल्या दोन वह्या स्वतः वाचील. असे केले तर तीन तासांचे काम कदाचित दीड तासात होईल आणि निर्णय शिक्षिकेच्या हाती राहील. पोर्टलचा पसारा वाढवायचा प्रामाणिक मार्ग हाच आहे.

मुलाच्या बाजूची रचनाही घरातल्या परिस्थितीतून निघायला हवी. 'असर'च्या 2021 च्या शैक्षणिक सर्वेक्षणात ग्रामीण भागातल्या 67.6 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. 2018 मध्ये हे प्रमाण 36.5 टक्के होते. त्या वाढीचे खूप कौतुक झाले. पण त्याच सर्वेक्षणात, घरी स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकी 26.1 टक्क्यांना तो वापरायलाच मिळत नव्हता. फोन वडिलांबरोबर कामावर जातो, संध्याकाळी परत येतो, आणि मग दोन-तीन भावंडांत वाटला जातो. ज्याने हे लक्षात घेतले तो सकाळी अकराच्या थेट तासावर सगळी मांडणी उभी करणार नाही. एक फोन म्हणजे एक विद्यार्थी असे तो धरणार नाही आणि दरवेळी कामावर गेलेल्या वडिलांच्या मोबाइलवर ओटीपी पाठवणार नाही. शाळेने दिलेल्या साध्या सांकेतिक क्रमांकाने मुलाला प्रवेश मिळावा. शंका टाइप करायला लावू नये. चौथीतल्या मुलाला मोबाइलवर जोडाक्षरे आणि अपूर्णांक टाइप करता येत नाहीत, पण वहीच्या पानाचा फोटो काढता येतो आणि 'बाई, ही दुसरी ओळ कळली नाही' असे बोलता येते. नेटवर्क नसेल तर शंका फोनमध्ये साठून राहावी आणि रेंज आल्यावर आपोआप जावी. महागड्या स्टुडिओतल्या चित्रीकरणापेक्षा या गोष्टींना खर्च कमी येतो. त्या होत नाहीत, कारण पोर्टलची रूपरेषा ठरवणाऱ्या टेबलाभोवती ते घर माहीत असलेले कोणी बसलेले नसते.

शिक्षकांबद्दलही हेच. आज शिक्षकासाठी पोर्टल या शब्दाचा अर्थ माहिती भरणे असा झाला आहे. 'सरल', 'यू-डायस प्लस', 'शालार्थ', शिवाय प्रशिक्षणांच्या नोंदी. प्रत्येकाचे लॉगिन वेगळे आणि तीच माहिती पुन्हा पुन्हा. शंकांना द्यायचे तीन तास कुठून येतील, याचे उत्तर इथेच आहे. एकदा भरलेली माहिती सर्व यंत्रणांनी आपसात घ्यावी. शिक्षकाने ती दोनदा भरू नये. शिकवण्याच्या पोर्टलवरचा वेळ त्याच्या कामाच्या तासांत धरला जावा, रात्री दहाला आलेल्या शंकेला रात्री दहालाच उत्तर देण्याची सक्ती नसावी. आणि त्याने मुलांच्या ज्या चुका नोंदवल्या, त्या त्याच्याविरुद्ध तपासणीत वापरल्या जाऊ नयेत. मुलांच्या चुका म्हणजे शिक्षकाचे अपयश असे ठरले, की पोर्टलवर सगळे बरोबरच दिसू लागेल आणि ती माहिती निरुपयोगी होईल.

मुलांची माहिती हा तर आणखी गंभीर विषय. ह्यूमन राइट्स वॉचने 2022 मध्ये 49 देशांतली 163 शैक्षणिक उत्पादने तपासली. त्यांपैकी 89 टक्के उत्पादनांची पद्धत मुलांच्या हक्कांना धोका पोचवणारी असल्याचा निष्कर्ष त्या संस्थेने काढला. आपल्या 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्याविरुद्ध तरतूद आहे. वहीचे पान हे मुलाच्या विचाराचे पान असते. ते शिक्षक पाहील, पालक पाहील. जाहिरातदाराला आणि पोर्टल बांधणाऱ्या कंपनीच्या विक्री विभागाला ते पाहण्याचा काहीही अधिकार नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत बोचरा आहे: शिक्षकच धड शिकवत नाहीत, म्हणून तर पोर्टल लागते. काही शिक्षक काम चुकवतात, अनेक पदे रिकामी आहेत, हे मान्य. पण त्यावर शिक्षकाला वगळणे हा उपाय नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणणारे शिक्षक म्हणून त्यांची ओळख झाली. पण तो कोड वर्गातल्या मुलांना ओळखणाऱ्या एका शिक्षकाच्या हातातले साधन होता. राज्यभर पसरला तो कोड. त्यामागचे शिक्षकाचे लक्ष कागदावर छापता येत नाही. ते वाढवायचे असेल तर पदे भरावी लागतील, प्रशिक्षण द्यावे लागेल आणि शिक्षकाच्या हाती त्याला उपयोगी पडणारे साधन ठेवावे लागेल. या तिन्ही कामांना पोर्टल हा पर्याय म्हणून पुढे करणे ही शुद्ध फसवणूक आहे आणि तिची किंमत गरीब मूल मोजते.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. शासन असो वा खासगी संस्था, शिक्षणाच्या पोर्टलची निविदा काढताना त्यात तीन अटी असाव्यात. पहिली, मुलाने विचारलेली प्रत्येक शंका नाव माहीत असलेल्या एका शिक्षकाकडे जाईल. दुसरी, शाळेच्या दोन दिवसांत तिला उत्तर मिळेल. तिसरी, किती शंका आल्या आणि किती अनुत्तरित राहिल्या हा आकडा दर महिन्याला तालुकावार जाहीर होईल आणि बांधणाऱ्याचे देयक त्यावर ठरेल. नोंदण्या, डाउनलोड आणि पाहिलेली मिनिटे यांचे आकडे छापायचे तर छापा, पण त्यांवर एक रुपयाही देऊ नका. या तीन अटी मान्य करायला जो तयार नाही, त्याला व्हिडिओंचे ग्रंथालय बांधायचे आहे. ते बांधायलाही हरकत नाही. मात्र त्याला विद्यार्थी आणि शिक्षक यांना जोडणारे पोर्टल म्हणू नये आणि शाळांच्या अंदाजपत्रकातून त्याचा खर्च करू नये.